पंचनाम्यानंतरचे वादळ

3 जून 2020 या दिवशी टाळेबंदीत कोंडलेली मुंबई वादळाची वाट पाहत होती. 'निसर्ग' शहराच्या अंगावरून जाईल, अशी धास्ती होती. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या रुग्णालयातले करोनाचे रुग्ण हलवण्यात आले, चौपाट्या ओस पडल्या. दुपारी वादळ दक्षिणेकडे, रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले आणि मुंबईने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच संध्याकाळी गिरगावातल्या चाळींत आणि लालबाग-परळच्या खोल्यांत माणसे गावाला फोन लावत होती आणि फोन लागत नव्हते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतले खांब आणि मनोरे आडवे झाले होते. घर उभे आहे की नाही, एवढे कळायलाही अनेकांना दिवस लागले. वीज यायला कित्येक गावांत आठवडे गेले.

त्या दिवसाला पाच वर्षे होऊन गेली. वादळाने प्रत्यक्ष घेतले ते काही तास. इशारा वेळेवर मिळाला, हजारो माणसे सुरक्षित जागी नेली गेली आणि राज्यातल्या मृतांची संख्या एका आकड्यात राहिली. वेधशाळा आणि प्रशासन यांचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे. प्रश्न त्यानंतरच्या काळाचा आहे. वादळ येण्यापूर्वीचे चार दिवस कोणी काय करायचे, हे आपल्याकडे लिहिलेले आहे. वादळानंतरचे चार आठवडे कोणी काय द्यायचे, याचेही शासन निर्णय निघतात. पुढची आठ-दहा वर्षे मात्र कोणाच्याच खात्यावर नाहीत. अरबी समुद्रात वादळे वाढत असताना ही मोकळी जागा धोकादायक आहे, आणि तो धोका आता श्रीवर्धनपुरता उरलेला नाही.

नुकसान नेमके कशाचे झाले, ते आधी पाहू. या किनाऱ्यावरचे आगर म्हणजे एका पिकाचे शेत नाही. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेला केळ, बांधावर रातांबा आणि फणस, असा तो मजल्यामजल्यांचा संसार असतो. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव याच आगरांवर उभे आहे. आंब्याचे खोड मोडले तरी त्याला पुन्हा फुटवा येऊ शकतो. माडाचे आणि पोफळीचे तसे नाही. त्यांची वाढ एकाच शेंड्यातून होते. शेंडा मोडला की झाड संपले. उंच, सडपातळ पोफळी त्या दुपारी काडीसारख्या मोडल्या. ज्या आगरांत एरवी भर दुपारी ऊन जमिनीला शिवत नसे, तिथे लख्ख आभाळ दिसू लागले. मग जी जायफळे आणि जे मिरीचे वेल वाऱ्यातून वाचले होते, ते सावली गेल्यामुळे करपले.

आता काळाचा हिशेब. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते सात वर्षे लागतात. बाणवली माडाला सहा ते आठ. भरभरून उत्पन्न यायचे तर त्याहून अधिक. कोवळ्या पोफळीला कडक ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळ लावून सावली करायची आणि मग रोप जगवायचे. पण त्याआधी पडलेली झाडे उचलायची. एकेका वाडीत शेकडो खोडे एकमेकांवर पडलेली, विहिरीवर पडलेली, घराच्या कौलांवर पडलेली. ती कापायला यंत्रकरवत भाड्याने आणायची, गडी शोधायचे आणि ओंडके टाकायला जागाही शोधायची. ज्यांनी हे सगळे नेटाने करून 2020च्या पावसाळ्यातच नवी रोपे लावली, त्यांच्या पोफळीही 2025 ते 2027च्या दरम्यान कुठे धरू लागणार. ज्यांना वर्ष-दोन वर्षे उशीर झाला, त्यांचे उत्पन्न तितकेच पुढे गेले. इतकी वर्षे त्या कुटुंबाने खायचे काय, हा प्रश्न कोणत्याही शासकीय नमुन्यात विचारलेला नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. करोनाने तिजोरी आटलेली असताना तत्कालीन राज्य सरकारने रायगडला 100 कोटी, रत्नागिरीला 75 कोटी आणि सिंधुदुर्गाला 25 कोटींची तातडीची मदत जाहीर केली. फळबागांची मदत केंद्राच्या निकषानुसार हेक्टरी 18 हजार रुपये होती, ती 50 हजार केली. पूर्ण पडलेल्या घराची मदत 95,100 वरून दीड लाखावर नेली. कागदावर ही वाढ मोठी दिसते. तीच रक्कम आगरात नेऊन पाहावी. कोकणातल्या आगराचे माप हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे 500 रुपये. शिफारशीच्या अंतराने लावलेल्या आगरात एका गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात. म्हणजे एका उभ्या, धरत्या झाडाचे 36-37 रुपये. दहा गुंठ्यांच्या धन्याच्या हाती 5 हजार. ओरड झाल्यावर झाडनिहाय मदतीचा निर्णय झाला, तेव्हा दर ठरला पोफळीला 50 रुपये आणि माडाला 250 रुपये. दोन वर्षांपूर्वीच, नोव्हेंबर 2018मध्ये, 'गज' वादळाने कावेरीच्या खोऱ्यातले माड झोपवले, तेव्हा तमिळनाडूने प्रत्येक माडामागे 1,100 रुपये दिले होते. त्यातले 500 रुपये निव्वळ पडलेले झाड तोडून हलवण्यासाठी होते. तिथले शेतकरीही या रकमेवर खूश नव्हते. पण पडलेले झाड उचलायलाही पैसे लागतात, एवढे तरी त्या सरकारला सुचले होते. आपल्याकडे भरपाई आणि साफसफाई दोन्ही मिळून एका माडामागे जेवढे दिले, त्याच्या दुप्पट रक्कम तिथे फक्त साफसफाईसाठी होती.

विम्याचा आधार म्हणावा, तर तोही लंगडा. हवामानावर आधारित फळपीक विमा हा त्या हंगामातल्या फळाचा असतो, झाडाचा नसतो. एका मोसमाचे फळ गेले तर शेतकरी एक वर्ष मागे जातो. झाड गेले तर त्याचे दशक जाते. हा फरक निकषांना कळत नाही, कारण निकष मुळात भात, कापूस, सोयाबीन अशा वर्षाच्या पिकांच्या हिशेबाने घडलेले आहेत. बहुवार्षिक झाडांना त्यात जास्तीचे रुपये मिळाले, जास्तीची वर्षे मिळाली नाहीत.

आता या कहाणीतला मुंबईचा भाग. पंचनाम्याचा कागद घेऊन तलाठी वाडीत गेला, तेव्हा सातबाऱ्यावर नावे होती आठ, दहा, कुठे वीस. त्यातला आजोबा कधीच वारलेला, एक चुलता गिरगावात, दुसरा परळहून डोंबिवलीला गेलेला, आत्या दादरला, तिची मुले परदेशात. वाडीत राबणारा मात्र एकच, आणि अनेकदा त्याचे नाव त्या कागदावर नसतेच. सामायिक खात्यावर मदत घ्यायची तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती हवी. ती आणायला मुंबईला जायचे, तर टाळेबंदी आणि ई-पास. पुढे टाळेबंदी उठली, पण वाटण्या, वारसनोंदी आणि जुनी भांडणे तशीच राहिली. ज्याने झाड लावले, पाणी घातले आणि पडताना पाहिले, त्याच्या हातात पैसे पडायला महिने लागले, किंवा ते पडलेच नाहीत. या विलंबाचे खापर एकट्या सरकारवर फोडता येणार नाही. गिरगाव, दादर आणि लालबागच्या ज्या घरांत तो सातबारा कपाटात ठेवलेला आहे, त्या घरांचाही त्यात वाटा आहे.

एके काळी याच घरांनी कोकण उभे ठेवले होते, म्हणून हे अधिक बोचते. वादळे आणि पूर कोकणाला नवे नाहीत. पण विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात गावाचा खरा विमा उतरवलेला होता तो गिरणगावात. परळ-लालबागच्या चाळींत गावोगावच्या मंडळींच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करत. घर पडले की वर्गणी निघे. छपराचे पैसे गावकीच्या मंडळाकडून जात आणि मे महिन्यात किंवा गणपतीला आलेला चाकरमानी स्वतः वासे चढवून परत कामावर जाई. या मदतीला पंचनामा लागत नसे, हेक्टरची अट नसे. मुख्य म्हणजे ती एकदा देऊन संपत नसे. पुढचे झाड धरेपर्यंत मनीऑर्डर येतच राही.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे घर हलवले. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र हळूहळू बंद पडत गेल्या. त्याचा हिशेब आपण नेहमी मुंबईपुरता मांडतो. टॉवर किती झाले, घरे किती मिळाली, एवढाच. मनीऑर्डर थांबल्यावर गावांचा विमाही बुडाला, हे कोणी नोंदवले नाही. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली गेली. गावातली माणसे कमी झाली आणि ज्या चाळींनी त्या गावाला आधार दिला, त्याही रिकाम्या होत गेल्या. गिरगावचा माणूस विरारला गेला, लालबागचा बदलापूरला. दोन्ही टोके झिजलेल्या अवस्थेत असताना 'निसर्ग' आले. जुनी सोय मोडली होती आणि तिच्या जागी सरकारने दुसरी उभी केली नव्हती. सावरण्याला इतका वेळ लागतो आहे, त्याचे मूळ इथे आहे.

या पोकळीत एक तिसरा हात पुढे येतो, तो जमीन घेणाऱ्याचा. उत्पन्न देणारे आगर कोणी सहजी विकत नाही. उजाड वाडी विकायला मन फार काळ आडकाठी करत नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या चर्चेने किनाऱ्याच्या जमिनीला भाव आलेला आहे. वादळात झाडे गेली, सात वर्षांचा खर्च झेपत नाही, हिस्सेदार मुंबईत आहेत आणि समोर रोख रक्कम आहे, अशा वेळी सही होते. एकदा आगराचा भूखंड झाला की त्याचे पुन्हा आगर होत नाही. वारा अडवणारी, रेती धरून ठेवणारी हिरवी भिंत गेली की पुढच्या वादळाला गावात शिरायला वाट मोकळी होते. 2005च्या 'कतरिना' वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे असेच झाले. 2000च्या जनगणनेत तिथे पावणेपाच लाखांहून अधिक माणसे होती, 2010मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. पैसा आणि यंत्रणा असलेल्या देशातही ज्यांना लवकर उभे राहता आले नाही, ते परतले नाहीत.

मच्छीमारांची स्थिती याहून वेगळी नाही, आणि ते तर मुंबईच्या उंबरठ्यावरच राहतात. 17 मे 2021 रोजी 'तौक्ते' मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. मासेमारीबंदी 1 जूनला लागते. म्हणजे पदरात चार पैसे पडण्याचे हे शेवटचे दोन आठवडे होते. नांगरून ठेवलेल्या बोटी एकमेकींवर आदळून फुटल्या, जाळी वाहून गेली. त्या वेळी लागू असलेल्या केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला 9,600 रुपये आणि अंशतः मोडलेलीला 4,100 रुपये होते. जाळ्याच्या दुरुस्तीला 2,100, आणि नवे घ्यायचे तर 2,600. राज्याने त्यात भर घातली, पुढे केंद्राचे आकडेही थोडे वाढले. तरी ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर जाऊन विचारावे, की या पैशांत बोटीचे काय येते. बोटीवरचा खलाशी आणि डोक्यावर टोपली घेऊन दारोदार जाणारी कोळीण यांना तर नुकसान दाखवायला वस्तूच नसते, म्हणून पंचनाम्यात त्यांचे नावही नसते. 2019 साली ऐन हंगामात 'क्यार' आणि 'महा' ही वादळे लागोपाठ आली, तेव्हा बुडालेल्या दिवसांसाठी सरकारने विशेष मदत दिली. पण ती अपवाद म्हणून दिली गेली, तिचा नियम झाला नाही. इशारा मिळाला की बोट किनाऱ्याला लावायची, हे कोळी बांधव निमूटपणे पाळतात. त्या शिस्तीची किंमत मात्र त्यांनी एकट्यांनी भरायची.

मुंबईकरांना हे सारे दूरचे वाटत असेल, तर त्यांनी 5 ऑगस्ट 2020 आठवावा. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते. तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 107 किलोमीटरपर्यंत गेला, चोवीस तासांत 331.8 मिलिमीटर पाऊस पडला, गिरगाव चौपाटी आणि रस्ता एक झाला आणि एरवी कधी न तुंबणाऱ्या दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांत पाणी शिरले. 'तौक्ते'त वादळाचा डोळा समुद्रातच होता, तरी शहरात ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत आले, शेकडो झाडे पडली, विमानतळ बंद ठेवावा लागला. मुंबईपलीकडच्या तेलक्षेत्रात 'पी-305' ही तराफानौका बुडाली. तिच्यावर 261 माणसे होती. नौदलाने जिवावर उदार होऊन बहुतेकांना वाचवले, तरी सत्तरहून अधिक कामगार गेले. इशारा त्यांच्यासाठीही वेळेवर निघाला होता. 1948च्या नोव्हेंबरात एक चक्रीवादळ थेट मुंबईवर आले होते. ते पाहिलेली पिढी आता राहिली नाही, आणि म्हणूनच "मुंबईवर वादळ येत नाही" ही समजूत इतकी घट्ट बसली आहे.

ही समजूत सोडायची वेळ आली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळाच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली आणि वादळे समुद्रावर घोंघावण्याचा एकूण कालावधी 80 टक्क्यांनी वाढला. पाण्याचे तापमान चढते आहे आणि वादळाला लागणारे इंधन तेच आहे. एकट्या 2019 मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. जून 2023 मधले 'बिपरजॉय' सुमारे दहा दिवस समुद्रावर होते आणि शेवटी कच्छकडे वळले. तेही मुंबईकडे वळले नाही, यात आपले कर्तृत्व काहीच नाही.

उद्या एखादे वादळ वळलेच, तर माणसे हलवता येतील. 1999च्या महावादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यातून धडा घेऊन त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले, गावोगावी निवारे बांधले आणि 2019च्या 'फनी'वेळी बारा लाख माणसे हलवून दाखवली. मुंबईला तेही जमेल, असे मानू. पण परत आणायचे कुठे? 1969 साली या बेटावर 19,642 इमारती उपकरप्राप्त म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतल्या तेरा-चौदा हजार आजही उभ्या आहेत, कित्येक टेकूंवर. गिरगाव, काळबादेवी, परळ, लालबाग इथली मराठी वस्ती मोठ्या प्रमाणात त्यांतच आहे. एका रात्रीच्या वाऱ्यात अशा पाचशे इमारती राहण्याजोग्या उरल्या नाहीत, तर त्या कुटुंबांना काय मिळेल हे मुंबईकराला माहीत आहे: संक्रमण शिबिर. तिथे गेलेल्यांच्या दुसऱ्या पिढ्या तिथेच लग्न करून संसाराला लागल्या. श्रीवर्धनच्या आगरवाल्याला सात वर्षे लागतात. मुंबईच्या भाडेकरूला तर कोणी आकडाच सांगत नाही. वरळी कोळीवाड्याला आपल्या बोटी सुखरूप जाव्यात म्हणून सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधले अंतर 60 मीटरवरून 120 मीटर करून घ्यायला वर्षानुवर्षे झगडावे लागले. वादळानंतरच्या धावपळीत त्यांचे ऐकायला कोणाला सवड असेल?

पैसा नाही, हे कारण आता चालणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा आहे आणि त्याच्या व्याख्येतच पुनर्वसन व पुनर्बांधणी समाविष्ट आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतला 30 टक्के हिस्सा 'सावरणे आणि पुनर्बांधणी' यासाठी वेगळा काढला. म्हणजे खाते उघडलेले आहे. ते कसे वापरायचे याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे यायलाच ऑगस्ट 2024 उजाडला. राज्याने कोकणासाठी तीन हजार कोटींहून अधिक रकमेचा आपत्ती सौम्यीकरणाचा आराखडा मंजूर केला. भूमिगत वीजवाहिन्या, धूपप्रतिबंधक बंधारे, निवारे, वीज अटकाव यंत्रे ही त्यातली कामे गरजेचीच आहेत. पण ती सगळी वादळ येईपर्यंतची आणि वादळ जाईपर्यंतची आहेत. माणूस पुन्हा कमावता होईपर्यंतचे त्यात काही नाही. ठेका देता येतो अशी कामे आराखड्यात सहज बसतात. पोफळ जगवण्याचा ठेका निघत नाही.

म्हणून काही गोष्टी आता ठामपणे मागायला हव्यात. पहिली, बहुवार्षिक झाडांची भरपाई झाडाच्या वयानुसार व्हावी आणि ती एकरकमी न देता नवे झाड धरेपर्यंत दरवर्षी हप्त्याने मिळावी. पडलेली झाडे हलवण्याचा खर्च वेगळा द्यावा. दुसरी, फळाबरोबर झाडाचाही विमा हवा आणि त्यात पोफळ हवीच. तिसरी, मदत प्रत्यक्ष कसणाऱ्याला मिळावी, त्यासाठी ग्रामसभेने दिलेला वहिवाटीचा दाखला पुरेसा मानावा. चौथी, होडी आणि जाळ्याचे दर बाजारभावाशी बांधावेत, आणि वादळाच्या इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांचा मोबदला बोटमालक, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बाया यांना नियमाने मिळावा. पाचवी, मुंबई महापालिका आणि म्हाडा यांनी उपकरप्राप्त इमारतींसाठी वादळानंतरच्या निवाऱ्याचा आणि परतीच्या मुदतीचा आराखडा पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावा. या सगळ्यांवर एक सहावी मागणी. प्रत्येक मोठ्या वादळानंतर एका अधिकाऱ्याच्या नावावर तो प्रदेश दहा वर्षांसाठी लिहून द्यावा. बदली झाली तरी पद राहावे आणि किती झाडे जगली, किती बोटी पाण्यात गेल्या, किती घरांत माणसे परतली याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळात मांडला जावा.

सरकारकडे मागायचे ते मागू. पण गिरगाव-दादर-लालबागच्या वाचकाचेही एक काम आहे. कपाटातला सातबारा बाहेर काढावा. वारसनोंद झालेली नसेल तर करून घ्यावी. गावच्या वाडीत भाऊ, चुलता किंवा कूळ राबत असेल, तर त्याच्या नावे संमतिपत्र आजच करून ठेवावे, पुढच्या वादळाची वाट पाहू नये. महसूल खात्याने अशा नोंदींची शिबिरे श्रीवर्धन-दापोलीबरोबर दादर आणि लालबागमध्येही भरवावीत, कारण निम्मे हिस्सेदार इथेच आहेत. ती भरवून घेण्याची ताकद इथल्या ग्रामस्थ मंडळांत आणि गणेशोत्सव मंडळांत अजून आहे. लालबागच्या राजाचे मंडळही 1934 साली बाजाराच्या हक्काच्या जागेसाठी झटणाऱ्या कोळी आणि इतर विक्रेत्यांतूनच उभे राहिले होते. उत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग गावच्या आगरात रोपे लावायला आणि ती चार उन्हाळे जगवायला गेला, तर मनीऑर्डरची जुनी परंपरा नव्या रूपात सुरू होईल.

पुढचे वादळ कुठे चढेल, हे वेधशाळा काही दिवस आधी सांगेल. ते ओसरल्यावर दहा वर्षे कोण सोबत राहणार, हे सांगणारा एकही जबाबदार माणूस आज राज्य सरकारात नाही. त्या पदाची आणि त्या माणसाच्या नावाची घोषणा येत्या पावसाळ्याआधी झाली पाहिजे. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष न पाहता, हे नाव विचारा.